रात्रीची खा-खा सकाळी सुरू होते

रात्री खाण्यावर ताबा राहत नाही असं कुणी सांगितलं की त्याला मिळणारे सल्लेही बहुधा रात्रीचेच असतात. फरसाणाचे डबे घरात आणूच नका, जेवण झालं की लगेच दात घासा, स्वयंपाकघराचा दिवा मालवा, मन घट्ट करा. यातला एकही सल्ला वाईट नाही. पण ते पाळूनही पुढच्या आठवड्यात माणूस पुन्हा ओट्यापाशी उभा असतो. पोळीचा डबा, त्यावर शेव, मग बिस्किटांचा पुडा, मग कालचा उरलेला भात. खाऊन झाल्यावर पोट गच्च, मन खट्टू आणि उद्यापासून कडक राहायचं हा निश्चय. सल्ले फसतात, कारण ते चुकीच्या वेळी कामाला लागतात. रात्री दहाला सुटणारी खा-खा ही सकाळपासून शरीरात जमत आलेल्या हिशेबाची अखेरची ओळ असते. ती बदलायची तर आधीच्या ओळी बदलाव्या लागतात, म्हणजे न्याहारी, डबा, मधल्या वेळचं खाणं, झोप आणि उजेड. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. ते कशाच्या आधारावर आणि कुठपर्यंत खरं आहे, हे आता पाहू.

आधी कशाबद्दल बोलतो आहोत ते ठरवून घेऊ. लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाणं किंवा दिवाळीत चकल्यांचा फडशा पाडणं याला आजार म्हणत नाहीत. वैद्यकीय भाषेत ज्याला ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ म्हणतात, त्याला २०१३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत स्वतंत्र विकाराचा दर्जा मिळाला. थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, इतर माणसं खातील त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त खाणं आणि ते थांबवणं आपल्या हातात नाही असं वाटणं, ही त्याची दोन मुख्य लक्षणं. सोबत भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची घृणा वाटणं, यांपैकी किमान तीन गोष्टी असाव्या लागतात. हे सरासरीनं आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं तर निदान केलं जातं. याचा शेजारी असलेला पण वेगळा विकार म्हणजे ‘नाइट ईटिंग सिंड्रोम’. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात सकाळी भूक नसते, दिवसाच्या खाण्याचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणानंतर पोटात जातो आणि काही जण झोपेतून उठूनही खातात. निदानाच्या रेषेअलीकडे असलेल्या, पण अधूनमधून एखाद्या रात्री ताबा सुटणाऱ्या माणसांची संख्या याहून मोठी आहे. पुढचं मार्गदर्शन मुख्यतः त्यांना आणि उपचारांच्या जोडीनं निदान झालेल्यांनाही लागू आहे.

शरीराला स्वतःचं घड्याळ असतं हे आता वादातीत आहे. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे २०,००० चेतापेशींचा एक जुडगा असतो. त्याला सुप्राकायाझ्मॅटिक न्यूक्लिअस म्हणतात. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर तो आपली वेळ जुळवतो आणि झोप, तापमान, संप्रेरकं यांचा चोवीस तासांचा क्रम सांभाळतो. हे घड्याळ पेशीच्या आत जनुकांच्या पातळीवर कसं चालतं, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबाश आणि मायकल यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. आपल्या विषयासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबी यांचीही आपापली घड्याळं असतात आणि ती उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेकडे जास्त लक्ष देतात. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात २०१७ मध्ये झालेल्या प्रयोगात दहा तरुणांची सगळी जेवणं पाच तासांनी पुढे ढकलली, तेव्हा त्यांच्या रक्तातल्या साखरेची लय जवळपास तेवढीच पुढे सरकली आणि चरबीच्या पेशींमधलं घड्याळही साधारण तासाभरानं पुढे सरकलं. मेंदूतलं मुख्य घड्याळ मात्र जागचं हललं नाही. रोज रात्री उशिरा खाणाऱ्या माणसाच्या शरीरात अशी दोन वेळापत्रकं एकाच वेळी चालू असतात. मेंदू म्हणतो झोपायची वेळ झाली, आणि पोट म्हणतं जेवायची.

आता भुकेकडे वळू. रात्रभर उपाशी राहूनही सकाळी सातला कडकडून भूक लागत नाही आणि दुपारी नीट जेवूनही संध्याकाळी तोंड चाळवतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. बॉस्टनमध्ये फ्रँक शीअर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याची चाचणी घेतली. बारा निरोगी माणसांना तेरा दिवस मंद उजेडाच्या प्रयोगशाळेत ठेवलं, आणि त्यांची झोप, जाग आणि जेवणं शरीराच्या घड्याळाच्या सगळ्या प्रहरांवर सारखी वाटून दिली. त्यामुळे किती वेळ जागे आहोत आणि शेवटचं कधी खाल्लं याचा परिणाम बाजूला काढता आला. उरली ती निव्वळ घड्याळाची भूक. ती सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि संध्याकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त निघाली. ओढ होती ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ३२ जाड माणसांना एकदा सकाळी आणि एकदा दुपारी चार वाजता सारखंच द्रवरूप जेवण दिलं. यातल्या निम्म्या माणसांना अतिखाण्याचा त्रास होता. दुपारच्या सत्रात भूक जास्त लागली आणि तृप्तीचं पीवायवाय हे संप्रेरक कमी आढळलं. अतिखाण्याचा त्रास असलेल्या गटात भुकेचं संप्रेरक घ्रेलिन संध्याकाळकडे इतरांपेक्षा वर होतं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. संध्याकाळी भूक सगळ्यांचीच वाढत असेल, तर खा-खा मोजक्याच लोकांना का सुटते? उत्तर असं की घड्याळ हे कारण नसून उतार आहे. उतारावर सायकल आपोआप वेग घेते, पण ब्रेक शाबूत असतील तर अपघात होत नाही. ब्रेक निकामी करणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. त्यांत आनुवंशिकता आहे, ताण आहे, उदासी आहे, लहानपणापासून शरीरावरून झालेली टीका आहे. आणि दिवसभराचा उपाशीपणाही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. अन्न पुन्हा मोकळं झालं तेव्हा त्यांतल्या अनेकांना पोट भरलं तरी थांबता येईना. ही माणसं शारीरिक आणि मानसिक चाचण्या घेऊन निवडलेली होती. उपासमारीनंतर ताबा सुटणं हा स्वभावदोष नसून शरीराची ठरलेली प्रतिक्रिया आहे, हे त्यातून दिसलं.

शहरातल्या नोकरदार माणसाचा दिवस आता या दोन गोष्टी जोडून वाचा. सकाळी चहा आणि फार तर दोन बिस्किटं, कारण लोकल चुकते किंवा काल रात्री जास्त झालं म्हणून आज काटकसर करायची असते. डबा दीडला उघडतो, त्यात दोन पोळ्या आणि भाजी. संध्याकाळी पुन्हा चहा. घरी पोचेपर्यंत आठ आणि घरातली सगळी माणसं एकत्र बसेपर्यंत साडेनऊ. दीड ते साडेनऊ म्हणजे आठ तासांत खरं अन्न शून्य, आणि हे आठ तास घड्याळाची भूक शिखराकडे चढण्याचे. दिवस असा उशिरावर नेला की भूक नुसती पुढे सरकत नाही, ती वाढते. बॉस्टनच्याच गटानं २०२२ मध्ये वजन जास्त असलेल्या सोळा जणांना तेच अन्न, तेवढंच, फक्त चार तास उशिरा दिलं. तेव्हा भूक लागल्याचं सांगण्याची शक्यता दुपटीनं वाढली आणि तृप्ती राखणारं लेप्टिन घटलं. त्यात अपुऱ्या झोपेची भर घाला. शिकागो विद्यापीठाच्या २००४च्या अभ्यासात बारा तरुणांची झोप सलग दोन रात्री चार तासांवर आणली. दहा तासांच्या झोपेशी तुलना करता त्यांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त निघालं. रात्रीचा अतिरेक झोप बिघडवतो, सकाळची भूक मारतो, न्याहारी टळते आणि चाक पुन्हा फिरतं.

दुसरा आक्षेप मानसशास्त्राच्या बाजूचा आहे. रात्री माणूस एकटा असतो, कामं संपलेली असतात, दिवसाचे अपमान आठवतात, समोर पडदा चालू असतो आणि फ्रीज दहा पावलांवर असतो. मग यात घड्याळाचं काय? या आक्षेपात तथ्य आहे आणि तो घड्याळाच्या म्हणण्याला खोडत नाही. एकटेपणा, संधी आणि ताण हे खरेच आहेत, पण ते ज्या शरीरावर येऊन आदळतात ते शरीर दुपारी चारचं आहे की रात्री दहाचं, याने फरक पडतो. जॉन्स हॉपकिन्सच्या त्याच प्रयोगात माणसांचा हात थोडा वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवायला लावून ताण निर्माण केला, तेव्हा त्यानंतर भूक हळूहळू वाढत गेली. संध्याकाळी जी भूक आधीच वर आहे, तिच्यावर हा ताण चढतो. म्हणून दुःखावर बोलणं, समुपदेशन घेणं आवश्यकच आहे, फक्त ते उपाशी पोटानं करू नये. पोट वेळेवर भरलेलं असलं की भावनांची भूक आणि अन्नाची भूक यांतला फरक ओळखू येतो. दोन्ही एकदम पेटल्या की तो ओळखणं कुणालाही जमत नाही.

मग करायचं काय? अतिखाण्यावरच्या मानसोपचारात ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या पद्धतीची सुरुवातीची पायरी ‘काय खावं’ ही नसून ‘कधी खावं’ ही आहे. दिवसात तीन जेवणं, दोन किंवा तीन मधल्या वेळची खाणी, आणि जागेपणी दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक लागो न लागो, घड्याळ पाहून खायचं, कारण बिघडलेल्या भुकेच्या खुणांवर सुरुवातीला विसंबता येत नाही. आपल्या घरांत हे सहज बसतं. उठल्यापासून तासा-दीड तासात न्याहारी. पोहे किंवा उपमा चालेल, पण सोबत मोड आलेली उसळ, अंडं, दही किंवा मूठभर दाणे असावेत, म्हणजे ती दुपारपर्यंत टिकते. मुगाची धिरडी, थालीपीठ-दही हे तर आयतेच पर्याय. डबा एकच्या सुमाराला, आणि त्यात डाळ-उसळ असलीच पाहिजे. सर्वांत निर्णायक असतं ते साडेचार-पाचचं खाणं, कारण चढत्या भुकेला तिथेच आडवं जाता येतं. फुटाणे, शेंगदाणे-गूळ, एखादं फळ आणि ताक, किंवा डब्यातच जास्तीची ठेवलेली भाजी-पोळीची गुंडाळी. नुसता चहा हे खाणं नव्हे. रात्रीचं जेवण आठच्या आत झालं तर उत्तम. घरात ते नऊलाच होत असेल, तर कुटुंबाची पंगत मोडून एकट्यानं जेवायला बसण्यापेक्षा सातला भाकरीचा तुकडा आणि वाटीभर आमटी घेऊन नऊला सर्वांबरोबर हलकं जेवावं.

सकाळी भूकच नसते, हे कारण पुष्कळ जण देतात. ते खरं असतं, पण तो रात्रीच्या खाण्याचाही परिणाम असतो. पहिला आठवडा अर्धी वाटी दही, एक केळं किंवा एक अंडं एवढंच घ्यावं. शरीराची घड्याळं नव्या वेळेला सरावतात, त्यांना थोडे दिवस द्यावे लागतात. त्याहून मोठी धास्ती वजनाची असते. आधीच रात्री इतकं खातो, त्यात सकाळीही खायला लागलो तर फुगूनच जाऊ! हा हिशेब रात्रीचा अतिरेक कायम राहील असं गृहीत धरतो. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाच्या २०२२च्या प्रयोगात तीस जणांनी चार आठवडे सकाळी जड आणि चार आठवडे संध्याकाळी जड असा आहार घेतला. एकूण उष्मांक तेवढेच होते. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, म्हणजे सकाळी खाण्यात चरबी जाळण्याची काही जादू नाही. पण सकाळी जड खाल्लं तेव्हा दिवसभराची भूक कमी राहिली. ज्याचा प्रश्न भुकेच्या उसळीचा आहे, त्याच्यासाठी हाच निष्कर्ष मोलाचा आहे.

महाराष्ट्रात यावर आणखी एक प्रश्न हमखास येईल. दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण आटोपण्याची दीक्षित पद्धत किंवा सोळा तासांचा उपवास अनेकांनी स्वीकारला आहे, त्याचं काय? ज्यांचा खाण्यावर ताबा आहे, त्यांना अशा पद्धती मानवतात की नाही हा वेगळा विषय आहे. पण ज्यांना खा-खा सुटते, त्यांच्यासाठी लांब अंतर हाच ठिणगीचा क्षण असतो. अशांनी खाण्याचे दिवसाचे तास थोडे आवळावेत, म्हणजे उशिराचं खाणं टाळावं, पण त्या तासांच्या आत उपाशी राहू नये. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या जैन कुटुंबांच्या रीतीत हे दोन्ही साधतं, दिवसा नीट खाणं आणि रात्री विश्रांती. धार्मिक उपवासांचंही असंच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उपवासाच्या दिवसाची थट्टा करते, पण अतिखाण्याचा त्रास असलेल्याला उपवासाचा फटका दुसऱ्या दिवशीही बसतो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत दिवसभर चहावर काढायचा आणि रात्री नऊच्या आसपास मोदकांवर तुटून पडायचं, हा घड्याळाच्या दृष्टीनं सर्वांत अवघड बेत. श्रद्धा सोडण्याची गरज नाही. दर तीन-चार तासांनी फळ, ताक, राजगिरा, रताळं असं घ्यावं, भगरीबरोबर दाण्याची आमटी खावी आणि ताबा सुटण्याचा त्रास जोरात असेल त्या काळात कडक उपवास घरच्यांशी बोलून बाजूला ठेवावा.

जेवणाच्या वेळा सुधारताना मुख्य घड्याळाला विसरून चालणार नाही, आणि त्याचं खाद्य उजेड आहे. सकाळी उठल्यावर वीस-तीस मिनिटं उघड्यावर, गच्चीत किंवा रस्त्यावर घालवावी. रात्री झोपण्याआधीचे दोन तास घरातले दिवे मंद आणि मोबाइल दूर ठेवावा. उठण्याची वेळ रविवारीही तासाभरापेक्षा जास्त हलू देऊ नये. शनिवारी दोनला झोपून रविवारी अकराला उठणं म्हणजे घरबसल्या परदेशवारीचा शीण. अशा रविवारी न्याहारी बुडते, जेवण तीनला होतं आणि रात्र पुन्हा बिघडते. तेजस्वी प्रकाशाच्या दिव्यानं केलेल्या उपचारांचे अतिखाण्यावरचे अभ्यास अजून लहान आहेत. असे दिवे मनानं वापरू नयेत, विशेषतः बायपोलर विकार असलेल्यांनी. रातपाळीवाल्यांना यातलं सगळं जमणार नाही, हे मान्य. औद्योगिक वसाहतीतली तिसरी पाळी असो, रुग्णालयातली नाइट ड्यूटी असो, की हिंजवडीतून अमेरिकेच्या वेळेवर चालणारं काम असो, घड्याळाशी भांडण अटळ आहे. तरी २०२१च्या एका प्रयोगात कृत्रिम रातपाळी करणाऱ्या एकोणीस जणांपैकी ज्यांनी फक्त दिवसाच खाल्लं त्यांची साखर स्थिर राहिली आणि रात्री खाणाऱ्यांची वाढली. म्हणून मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी, मध्यरात्री भूक लागल्यास छोटं आणि प्रथिनयुक्त काही, आणि सकाळी घरी आल्यावर हलकी न्याहारी करून झोप, असा बेत ठेवावा. वेळा आठवड्यात जितक्या कमी बदलतील तितकं बरं.

आणि इतकं करूनही एखाद्या रात्री ताबा सुटेलच. तेव्हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम दुसऱ्या सकाळचा आहे: न्याहारी चुकवायची नाही. भरपाई म्हणून केलेला उपवास त्याच दिवशीच्या रात्रीची तयारी असतो. इथे काही जण म्हणतील की ही सरळसरळ पळवाट आहे, घड्याळावर खापर फोडून माणूस जबाबदारीतून सुटतो. उलट आहे. रात्री दहाच्या निश्चयाची जबाबदारी घेणं सोपं, कारण तो मोडला तरी फक्त हळहळायचं असतं. साडेपाचला उठून न्याहारी करणं, पाचच्या खाण्यासाठी डबा भरणं, झोपण्याच्या दोन तास आधी मोबाइल ठेवून देणं यांची जबाबदारी रोजची आहे आणि तिचा हिशेब देता येतो. तो ठेवण्यासाठी दोन आठवडे एक साधी वही करावी. त्यात खाल्ल्याची वेळ, आधीच्या खाण्यापासूनचं अंतर, रात्रीची झोप आणि ताबा सुटला की नाही, एवढंच लिहावं. उष्मांक नकोत, वजन नको. बहुतेकांना त्या वहीत ताबा सुटण्याच्या आधीचं लांब अंतर किंवा तुटकी झोप डोळ्यांनी दिसते.

या सगळ्याच्या मर्यादा सांगायला हव्यात. वर दिलेले प्रयोग लहान आहेत, सगळे परदेशातले आहेत आणि वेळापत्रक सुधारल्यानं प्रत्येकाचा विकार बरा होतो असं त्यांतून सिद्ध होत नाही. नियमित खाणं हा उपचाराचा पाया आहे, संपूर्ण उपचार नव्हे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. गरोदर स्त्रियांनी, आणि खाल्ल्यावर उलटी काढणाऱ्या, जुलाबाची औषधं घेणाऱ्या किंवा झपाट्यानं वजन उतरलेल्या व्यक्तींनी हा लेख पुरेसा मानू नये. सहा-आठ आठवडे वेळा नीट पाळूनही आठवड्याला एकदा तरी ताबा सुटत असेल, उदासी किंवा जगणं नकोसं वाटण्याचे विचार असतील, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मोफत सेवेवर १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तिथे किंवा दवाखान्यात पहिलं वाक्य ‘मला डाएट द्या’ हे नसावं. ‘माझा खाण्यावरचा ताबा सुटतो, तो अमुक वेळी सुटतो आणि त्याआधी मी इतके तास उपाशी असतो’ असं सांगावं आणि ती वही पुढे ठेवावी. डॉक्टरांचं निम्मं काम त्यानं सोपं होतं, आणि आणखी एका उपाशी आहाराचा कागद हातात पडण्याचा धोकाही टळतो.